ऑफ झालेली मिल

८ ऑक्टोबर
सकाळी कुडव्याहून गाडीने गोरेगावला, आमच्या तांदळाच्या मिलवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लवकर येणारा हलका धान पिवळा पडला आहे. काही बांध्यांत, शेताच्या तुकड्यांत, कापणी सुरू. हे मे महिन्यात गेले तेव्हापासून मिल बंद होती, आज उघडली. हंसराज मिस्त्री माझ्या आधी येऊन पायरीवर बसला होता.
झाडझूड केली. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरमध्ये उंदरांनी घर केलेलं. पट्टे ठीक. धान सोलायचा शेलर चालला, पॉलिशर चालला. शेवटी खराब दाणा वेगळा काढणारा सॉर्टर लावला तर पडद्यावर लाल अक्षरं, सेवा अवधी समाप्त, कंपनीशी संपर्क करा. एका बाजूच्या हवेच्या नळ्या फुंकतच नाहीत. काळा दाणा, खडा, सगळं चांगल्या तांदळात जाऊन पडतं.
ह. म्हणाला, "वहिनी, बाकी मिल टकाटक हाय. या डब्यालेच का झालं, समजून नाई राहिलं."
दिवाळीनंतर मिल बघायला सरकारी साहेब येतात. सॉर्टर चालू दिसला तरच सरकारी धान भरडायला मिळतो. तो नाही मिळाला तर हंगाम गेला.
जेवणाचा डबा घरून आणलेला, तो तसाच परत नेला.

१० ऑक्टोबर
सॉर्टरच्या कंपनीला फोन. पूर्वी असं काही झालं की हे शर्माजींना फोन करायचे. शर्माजी कंपनीचे इंजिनिअर, राहायला गोंदियातच. दुपारपर्यंत यायचे, पोहे खायचे, खिशातून पार्ट काढून बसवायचे. तो नंबर लावला. लागत नाही.
मशीनवर चिकटवलेल्या नंबरला लावला. हिंदीसाठी दोन दाबा, सर्व्हिससाठी चार दाबा. मग एक मुलगी.
"मॅडम, आपका प्लांट तो परमानेंटली क्लोज्ड दिखा रहा है।"
म्हटलं, नाही, मी मिलमध्येच उभी आहे.
"सिस्टम में बंद है मॅडम। कस्टमर की तरफ़ से ही बंद करवाया गया है।"
आम्ही कोणीच करवलं नाही. ती म्हणाली, बंद खातं परत उघडता येत नाही, नवीन ग्राहक म्हणून नाव लावा. पण नवीन ग्राहकाला नवीनच मशीन. जुन्या मशीनचे पार्ट फक्त जुन्या, चालू ग्राहकांना.
मी "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. ठीक काय होतं त्यात. माझं हे असंच. समोरचा जरा घाईने बोलला की मी ठीक आहे म्हणते.

१३ ऑक्टोबर
गोंदिया. शंकरसेठच्या दुकानात गेले. सॉर्टर त्यांच्याकडूनच घेतला होता, ते कंपनीचे डीलर. दुकानावरची कंपनीची पाटी दिसली नाही, भिंतीत बोल्टची भोकं फक्त. आत आता पंप आणि पाइप ठेवतात.
सेठनी आधी यांचं काढलं. कसे गेले, काय झालं, आदल्या दिवशी काही बोलले होते का. मी थोडं सांगितलं. जिथे जाते तिथे हे पहिल्यापासून सांगावं लागतं, मग काम.
सेठ म्हणाले, "भाभीजी, अब हमारे हाथ में कुछ नहीं। डीलर लोग सब निकाल दिए। आपके शर्माजी को भी।" कंपनी पूर्वी बापलेकांची होती. म्हातारे मालक प्रत्येक मिलवाल्याला नावाने ओळखायचे. मुलांना रस नव्हता, त्यांनी फंडाला विकली.
फंड म्हणजे कोण, विचारलं.
"पैसेवालों का गट्ठा। कंपनी खरीदते हैं, चार-पाँच साल चलाते हैं, फिर दूसरे को बेच देते हैं। आपकी मिल में धान आता है न भाभीजी, वैसे उनके यहाँ कंपनी आती है। छिलका निकालो, पॉलिश मारो, आगे भेजो।"
मी म्हटलं, "आणि कनकी, तुटलेला दाणा?"
सेठ हसले. "कनकी हम।"
दुसऱ्या कंपनीचे पार्ट बसतील का, विचारलं. नाही. सॉर्टरचं कुलूपच कंपनीकडे. दर वर्षी करार नवा केला की ते वरून, नेटवरून उघडतात, तेव्हाच चालतो. हे यांच्या काळात नव्हतं. नसावं, निदान मला सांगितलं नव्हतं.
येताना बसस्टँडजवळ चहा घेतला. उभ्यानेच.

१६ ऑक्टोबर
राजूभाऊजी आले देवरीहून. यांचे धाकटे भाऊ. सोबत चिवड्याचं पाकीट. आमगाव रोडच्या मोठ्या मिलवाल्याने त्यांच्याकडे निरोप पाठवला आहे, मिल भाड्याने द्या म्हणून.
"वहिनी, मी तुमच्या चांगल्याचंच सांगून राहिलो. डबा बंद, मिल बंद. हमाल, ट्रकवाले, साहेब लोक, हे का तुमचं काम हाय? दिवारीपावतर पाहा. नाई जमलं तं मी त्याले हो म्हनतो."
भाऊजी वाईट नाहीत. यांच्या आजारपणात तेच धावले. मी चहा दिला.
ह. दारात उभा होता. तो म्हणाला, "भाऊजी, मिल भाड्यानं गेली तं मी बी जाईन का मिलसंगं? का मले येगळा रेट लावान?"
"तुले कोन घेते बे, तू तं फुकटात बी महाग पडते."
दोघे हसले. मीही जरा.
भाऊजी गेल्यावर विचार केला. मिल गेली तर मी घरी. घरी शेजारच्या बायका येऊन बसतात, हात हातात घेतात, चांगल्या आहेत. मिलमध्ये पट्टे सुरू झाले की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. त्या आवाजात मला बरं वाटायचं, हे होते तेव्हाही. मिल न देण्याचं एवढंच कारण आहे. भाऊजींना हे कसं सांगणार.

१९ ऑक्टोबर
परत कंपनी. आधी कागदावर लिहून घेतलं काय बोलायचं ते. मिल चालू आहे. बंद करा असं आम्ही सांगितलं नाही. कोणी सांगितलं ते शोधा. "ठीक आहे" म्हणायचं नाही.
जमलं. बाई म्हणाली, तक्रार नोंदवते, टिकट नंबर देते, त्यासाठी नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी जाईल.
नोंदलेला मोबाइल यांचा.
कपाटातून काढला. बंद पडलेला. चार्जिंगला लावून बसले, बाईला म्हटलं थांबा. ती थांबली, मागे बाकीच्या मुलींचे आवाज येत होते फक्त. फोन उघडला. इतक्या महिन्यांचे मेसेज धडाधड येत राहिले, खताच्या दुकानाचे, रिचार्जचे. मग तो ओटीपी. वाचून सांगितला.
"धन्यवाद मॅडम, आपका टिकट खुल गया है।"
फोन कपाटात ठेवला नाही. वर टेबलावर ठेवला.

२३ ऑक्टोबर
आज लिहायचंच आहे, सगळं.
सकाळी मिलवर असताना कंपनीचा फोन. मुलगी मराठीत बोलली. नाव योगिता. "ताई, मी भंडाऱ्याची. गोंदियाचं टिकट दिसलं म्हणून मीच उचललं." म्हणाली, आमच्याकडे आता प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. जूनमध्ये कराराची आठवण द्यायला आमच्याकडून फोन गेला होता, त्याच कॉलवर खातं बंद झालं. ऐकवते, आवाज कोणाचा ते सांगा.
तिने लावलं. आवाज हंसराजचा. तेव्हा यांचा फोन काही दिवस त्याच्याकडे होता, मला घेववत नव्हता.
मुलगी: सर, मशीन के एनुअल कॉन्ट्रैक्ट के लिए कॉल किया था, ओनर से बात हो सकती है?
ह.: मैडम, वो तो ऑफ हो गए।
मुलगी: ओह। कब से सर?
ह.: पिछले महीने से।
मुलगी: दोबारा चालू होने का कोई प्लान है?
ह.: अब कहाँ चालू होंगे मैडम। सब ठंडा हो गया।
मुलगी: आपके वहाँ और कोई यूनिट है?
ह.: नहीं जी। एक ही थे।
मुलगी: ठीक है सर, तो मैं रिकॉर्ड में परमानेंट बंद कर देती हूँ।
ह.: कर दो। भगवान की मर्जी।
योगिता म्हणाली, "ताई, आमच्याकडेपण कोणी गेलं की 'ऑफ झाले' म्हणतात. तिकडच्या मुलीला ते कुठून माहीत असणार, तिने मिलचं समजून लिहिलं. मी ऐकल्याबरोबर समजले. पण मला तुमच्या तोंडून पाहिजे, त्याशिवाय खातं उघडता येणार नाही. ऑफ कोण झालं?"
मी म्हटलं, "माझे यजमान वारले. मिल चालू आहे."
यातलं पहिलं वाक्य मी आजपर्यंत कोणाला म्हटलंच नव्हतं. इथे सगळ्यांना आधीच माहीत असतं, कसे गेले तेवढंच विचारतात.
ती म्हणाली, "लिहून घेतलं." पुढे काही विचारलं नाही. कसे गेले, कधी, काही नाही. मृत्यूचा दाखला पाठवा, खातं तुमच्या नावावर करते, म्हणाली.
फोन ठेवला आणि मला हसू आलं. एक ही थे. मिलच्या मागे जाऊन भुशाच्या ढिगाजवळ उभी राहिले आणि हसले, पुष्कळ. मग रडलेही असेन, भुसा डोळ्यांत जातोच तिथे.

२४ ऑक्टोबर
ह.ला सांगितलं. आधी त्याला समजेना.
"मी तं मालकाचं सांगत होतो ना वहिनी! ते बाई मशीनचं विचारून राहिली होती का?"
समजल्यावर खाली बसला. म्हणाला, "माझ्यानं मिल बंद पडली."
म्हटलं, असं काही नाही. साधं 'गुजर गए' का नाही म्हणालास?
"मालकाले गुजर गए कसा म्हनू? जीभ वळे नाई. इंग्रजीत सांगतलो, का बाई शिकलेली असन, समजन."
दुपारी जेवला नाही. मी माझ्या डब्यातली भाजी त्याच्या ताटलीत वाढली, म्हटलं, खा, नाहीतर तुझंही खातं बंद करवते. तेव्हा खाल्लं.

२७ ऑक्टोबर
दाखला मोबाइलवरून पाठवला. कंपनीचं अॅप टाकून घेतलं. ग्राहकाचं नाव बदला. नावाआधी दोनच पर्याय, श्री आणि सुश्री. सौ. नाही, श्रीमतीही नाही. मी बघत राहिले. पाच महिन्यांत प्रत्येक कागदावर कोणीतरी सौ. खोडून श्रीमती करत होतं, माझ्यासमोर. सुश्री दाबलं. झालं.
करार पूर्ण वर्षाचा घ्यावाच लागला. पूर्वी यांना लागेल तेव्हा लागेल तेवढंच घेता येत होतं. भाव कमी करायला सांगायला कोणी माणूसच नाही समोर. शंकरसेठ म्हणतात ते खोटं नाही. पण मला भाव करता येत नाहीच. यांना यायचा.
पार्ट कुठवर आला ते अॅपमध्ये दिसतं. आज नागपूर.

३ नोव्हेंबर
इंजिनिअर आला. पाठीवर बॅग, कानात वायर. रायपूरहून ट्रेनने गोंदियापर्यंत आणि पुढे ऑटो. चहा विचारला तर नको म्हणाला, पाण्याची बाटली स्वतःची. आल्याआल्या मशीनचा फोटो, काम करताना फोटो, शेवटी मोबाइलवर माझी सही. हवेच्या नळ्यांचा पूर्ण सेट बदलला, वरून कुलूप उघडून घेतलं. सॉर्टर सुरू.
ह.ला ते पटलं नाही. "मानूस हाय का रोबोट? शर्माजी असते तं माझ्या पोरीचं विचारलं असतं."
खरं आहे, शर्माजी असते तर पुष्कळ विचारलं असतं. आधी यांच्या खुर्चीकडे बघून डोळे पुसले असते. मग मी. मग पोहे करावे लागले असते आणि ते खाताना यांच्या गोष्टी. शर्माजी चांगले होते, त्यांना काढलं ते वाईटच झालं. पण आज या पोराने काही विचारलं नाही आणि मशीन नीट करून गेला, तर मला इतकं हलकं वाटलं की त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. त्याला वाटलं काही राहिलं. म्हटलं, काही नाही, ऑटो मिळतो का बघायला आले.

८ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. आमच्याकडे यंदा सण नाही. शेजारून करंज्या, अनारसे आले. मिलमध्ये ह.ने दिवा लावला, मी नको म्हटलं नाही.
भाऊजींचा फोन. "वहिनी, डबा सुरू झाला म्हनते हंसराज? मंग आमगाववाल्याले का सांगू?"
मी म्हटलं, "सांगा, मिल चालू आहे."
त्यांना अजून काही अपेक्षित असावं. मी तेवढंच म्हटलं.

१७ नोव्हेंबर
साहेब येऊन गेले. सगळी मिल चालवून दाखवली. साहेबांनी सॉर्टरखालचा तांदूळ मुठीत घेतला, तळहातावर पसरला, बोटाने फिरवला. ह. माझ्या शेजारी उभा. साहेबांनी तांदूळ परत टाकला, हात झटकले. "ठीक है। चालू रखो।"
झालं. हंगाम मिळाला.
संध्याकाळी पहिल्या धानाचं पोतं. नारळ कोण फोडणार म्हणून सगळे इकडेतिकडे. हमालांतला एक म्हणाला, भाऊजींना बोलवा. ह. म्हणाला, "कायले? खातं कोनाच्या नावावर हाय? सुश्रीच्या. मंग सुश्रीच फोडन." हमाल विचारायला लागले सुश्री कोण. मी फोडला. नीट फुटला नाही, दुसऱ्यांदा आपटला.
आज झोप लागेल असं वाटतं.

२ डिसेंबर
मिल रोज. धान येतो, तांदूळ जातो. भुशाने घसा बसला आहे, बोलायची गरज पडत नाही म्हणून कळलंही नव्हतं. ह.ने सांगितलं.

९ डिसेंबर
अॅपवर कंपनीची सूचना. आमच्या मॉडेलची सर्व्हिस पुढच्या वर्षाच्या शेवटापर्यंत, मग बंद. जुनं मशीन द्या, नवीन घ्या. नवीन आमच्या आवाक्यातलं दिसत नाही.
योगिताला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "ताई, सूचना सगळ्यांनाच गेली. पण इथे ऑफिसात बोलतात की आमची कंपनीच विकायला काढली आहे. पुढचा मालक कोण, तो काय ठेवेल, काय काढेल, आम्हालाच माहीत नाही. मी तरी राहते की नाही." मग हसून म्हणाली, "मी ऑफ झाले तर दुसरीला समजावून सांगा."
म्हटलं, सांगेन.
शंकरसेठना बाजारात भेटले तेव्हा हे सांगितलं. "देखा भाभीजी? पॉलिश हो गया, अब बोरा भर रहे हैं।"
भाऊजींना सांगितलेलं नाही. आमगाववाल्याने परत विचारलंय असं ह. म्हणतो. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी, असं हे म्हणायचे, तेव्हा मला राग यायचा. मला आधीच ठरवलेलं बरं वाटतं. या वेळी ठरवता येत नाही, कारण ज्याच्याशी ठरवायचं तो कोण तेच माहीत नाही. काळजी आहे. तरी ऑक्टोबरसारखी नाही. तेव्हा फोन कोणाला करायचा तेच कळत नव्हतं. आता करता तरी येतो.

१२ डिसेंबर
मिलला सुट्टी, वीज दिवसभर नाही. ह. मुलीकडे गेला. मी तरी मिलवर गेले, घरी बसवत नव्हतं.
मिलमागच्या बांधीत धान कापल्यावर लाखोळी, डाळीचं पीक, वर आली आहे. बांधीवाल्याने म्हटलं होतं, वहिनी, न्या भाजीला. दुपारच्या उन्हात बसून कोवळे शेंडे खुडले, पदरात घेतले. कोणी नव्हतं. बोटं हिरवी झाली. घरी येऊन निवडली, धुतली, लसणाची फोडणी देऊन एकटीपुरती केली.